गुलफामची पिवळी पट्टी

गुलफामच्या वागणुकीची पट्टी पिवळी झाली, त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही. मोबाइलवरच्या त्या गोळीबाराच्या खेळात प्रत्येक डावानंतर सगळ्यांचा निकाल लागायचा. कोणी किती शत्रू टिपले, कोणी सोबत्याला वाचवलं, आणि कोण कसं बोललं. टिपण्यात गुलफामचा हात धरणारा अख्ख्या वरूडात नव्हता. बोलण्यात मात्र तो दर वेळी आपटायचा.

त्याच्या चौकडीत गल्लीतला शेखर होता आणि पुण्याची दोन मुलं होती. "काहून मरून राहिला बे तिथं, उठ ना," असं म्हटलं की शेखरला ते मायेचं वाटायचं. पुण्याच्या मुलांना ती धमकी वाटायची आणि ती इमानेइतबारे तक्रार नोंदवायची. आता आणखी एक तक्रार आली की पट्टी लाल, आणि अमरावतीच्या अंतिम फेरीच्या शर्यतीतून गुलफाम बाद. बापाच्या संत्र्याच्या धंद्यात तो अजून 'शफीभाईंचा पोट्टा' होता. कप्तान म्हणून त्याला ओळखणारी जागा ही एकच होती, आणि ती जायची त्याला खरंच भीती वाटत होती.

म्हणून त्याने गोड बोलायचं ठरवलं. "कृपया ऐकता का? आपल्या उजव्या हाताच्या भिंतीमागे एक गृहस्थ बंदूक घेऊन..." एवढं होईपर्यंत त्या गृहस्थांनी दोघांना गार केलेलं असायचं. डाव हरले, पण पट्टी टिकली. सवय मोडू नये म्हणून तो घरातही तसाच बोलू लागला. आईला, कुलसुमबीला, त्याने "आपण जेवलात का?" असं विचारलं, तेव्हा त्या माउलीने उत्तर देण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावला. "बेटा, तबियत तो ठीक है ना तेरी?"

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण शनिवारी शफीभाई त्याला संत्र्याच्या सौद्याला शेंदूरजनाघाटला घेऊन गेले. त्या वर्षी फळगळीने बगीचेच्या बगीचे खाली झाले होते, आणि भरलेला असा जानरावांचा तेवढा उरला होता. तो हातचा गेला असता तर शफीभाईंचा हंगाम बुडाला असता. सौद्याची रीत ठरलेली. व्यापाऱ्याने फळाला नावं ठेवायची, मालकाने व्यापाऱ्याला. दोघांचे घसे बसले की भाव ठरतो.

गुलफामने हात जोडले. "काका, फळं फार सुंदर आहेत हो आपली. आपण म्हणाल तो भाव योग्यच असेल."

शफीभाईंनी डोळे मिटून घेतले. जानरावांनी आधी पोराकडे पाहिलं, मग बापाकडे.

"शफीभाऊ, दिल्लीले भाव चढला वाटते. व्यापारी अन् मालाचं कौतुक करून राहिला? मले आज विकाचंच नाही."

वरूडला घरी पोचल्यावर शफीभाईंनी एवढंच सांगितलं, की उद्या तू एकटा जा, फळाला रीतसर नावं ठेव आणि सौदा करूनच घरी ये.

उद्या म्हणजे रविवार, आणि अंतिम फेरीत नेणारा सामना नेमका त्याच वेळी. बापाला सांगायची सोय नव्हती. गुलफामने खेळातल्या आपल्या शिपायाला गवतात निजवलं, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि बगीच्यात पाऊल ठेवलं. गडबडीत माइक बंद करायचा राहिला.

"काय काका, हे संत्रं हाय का लिंबू?"

जानरावांना हायसं वाटलं. पोरगा ताळ्यावर आला होता.

"डोये फुटले का तुहे? समोर काय पाहून राहिला? मांगं पाय, मांगं! त्या झाडाआड जाय. खाली वाक, लेका, मंग दिसन तुले!"

गुलफामने वाकून लगडलेल्या फांद्या पाहिल्या आणि त्यांनाही नावं ठेवली. बगीचा असा आडवातिडवा पालथा घातल्यावर दोघांचे घसे बसले, सौदा ठरला आणि चहा आला. चहा घेताना त्याने भीतभीत फोन काढला.

चौकडी जिंकली होती. जानरावांचा आवाज खिशातून थेट पुण्यापर्यंत गेला होता. तिकडच्या मुलांनी घाबरून मागे पाहिलं, तर मागे खरंच दोन शत्रू उभे होते. झाडाआड जाऊन वाकली, तर गोळी डोक्यावरून गेली. तिथून पुढे त्यांनी आवाज सांगेल तसं केलं. आणि वागणुकीची पट्टी चक्क हिरवी होती. मोठ्या माणसाने ओरडणं हा अपमान धरायचा नाही, असं त्यांच्या घरचं वळण असावं. खाली निरोप होता, 'अंतिम फेरीला ते काकाच कप्तान हवेत. तुम्ही आजच्यासारखे गवतात पडून राहिलात तरी चालेल.'

गुलफामला वाईट वाटलं. मग त्याने जानरावांना सगळं सांगितलं आणि अमरावतीला येता का, असं विचारलं.

जानरावांनी फोनकडे बोट दाखवलं.

"ते पुण्याचे पोट्टे मी सांगतलेलं आयकतेत?"

"आयकतेत ना काका. आज सगळं आयकलं त्याईनं."

"मंग येतो," जानराव म्हणाले. "इथं घरी कोणी आयकत नाही."