विहिरी मोजणाऱ्या सरपंचबाई

मार्थाबाई कुणाकडे बसायला आल्या की आधी विहिरीपाशी जायच्या. वजन बांधलेली टेप आत सोडायची, पाणी किती खाली गेलं ते वहीत लिहायचं, मगच चहा. माझ्या लेकीच्या लग्नात वरात दारात आली, आणि नवरदेवाला ओवाळायचं सोडून या बाई विहिरीवर वाकलेल्या!

"मार्थाबाई, नवरदेव थांबून राहिला!" मी ओरडले.

"पाणी न्हाई थांबून राहिलं, कमलताई," त्या वर न बघता म्हणाल्या.

बाई मूळच्या स्वित्झर्लंडच्या, भूजलाच्या शास्त्रज्ञ. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावात खडकातलं पाणी तपासायला आल्या आणि शाळेतल्या गुरुजींशी लग्न करून इथल्याच झाल्या. मराठी शिकल्या आमच्या गिरणीवर, दळणाच्या रांगेत. त्यामुळं शास्त्रही गिरणीच्या भाषेत सांगायच्या: "खाली काळा पाषाण हाय. भेगांत असंल तेवढंच पाणी. बराबर मोजा, मग बोला."

गुरुजी वारले त्या वर्षी गावानं त्यांना सरपंच केलं. गोरी बाई मोठमोठ्या योजना आणील, असा आमचा हिशेब. बाईंनी नवे बोअर थांबवले आणि दर सोमवारी पंचायतीच्या भिंतीवर विहिरींची पातळी लिहायला लागल्या.

पुढच्या निवडणुकीत समोरच्यानं गल्लोगल्ली बोअर कबूल केले. मी बाईंना हात जोडले, "तुमीबी म्हणा की! खोटं बोलायला काय जातं?"

"पाणी जातं."

बाई पडल्या. माझं मतसुद्धा त्यांना नव्हतं. पहिला बोअर आमच्या गल्लीत होणार होता ना.

झालाही. मशीन दिवसभर धडधडलं, राखाडी धूळ घरात आली, पाणी नाही. मागच्या गल्लीतल्या बोअरला मात्र लागलं, आणि त्यानं पाणी ओढून दोन महिन्यांत आमच्या विहिरींचा तळ दिसला. आता सगळं गाव टँकरवर.

शेवटी मी बाईंकडे गेले. त्या ओसरीवर ज्वारी निवडत होत्या.

"बाई, मी तुमाला मत दिलं न्हाई."

"ठाऊक हाय. बसा, ते दुसरं सूप घ्या निवडायला."

दोघी निवडत बसलो. मला राहवेना. "एवढं होऊन तुमी आपल्या देशाला माघारी काहून जात न्हाई?"



"तिथं कुणालाच माहीत न्हाई, मी कुणाची बायको होते ते. इथं टँकरवाला बी 'गुरुजींच्या बाई' म्हणून हाक मारतो." त्यांनी एक खडा उचलून अंगणात टाकला. "तेवढीच हाक राहिली आता."