चित्रातल्या बाईची अंघोळ

निंबवडे संस्थानच्या संग्रहालयात प्रेक्षक अभिप्रायवहीत जसं लिहीत, तसं चित्रातली बाई निमूटपणे वागत असे.

राजेसाहेबांनी चित्र टांगलं तेव्हा ती नदीच्या पायरीवर उघडीच उभी होती, एक पाय पाण्यात. तेव्हाच्या बायकांनी तिला जलदेवता समजून खणानारळाने ओटी भरली आणि वहीत 'चोळी शिवावी' असं लिहिलं. तिने त्याच खणाची शिवली. पुरुष मंडळी आडव्या धरलेल्या छत्रीआडून बघत. पुढे चळवळीतल्या लोकांनी खादीचं लुगडं सुचवलं, ते ती नेसली. त्यांच्या मुलांना डोक्यावर पदर हवा होता. मग चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी 'सगळं काढा' असं लिहिलं. ती काढायला लागते तोच एका मंडळाने 'दुप्पट घाला' असं लिहिलं. गेल्या हिवाळ्यात स्वेटर आला.

पहारेकरी रावजी खुडे एकतीस वर्षं तिच्यासमोर बसत होता. मे महिन्यात ती म्हणाली, "काका, फार उकडतंय. मी अंघोळीला आले होते हो."

"किती दिवस झाले?"

"एकशे बारा वर्षं."

"बघतो पोरी," रावजी म्हणाला.

क्युरेटर मिठारीबाईंनी त्याला नियम दाखवला. अभिप्राय फक्त तिकीट काढणाऱ्याचा. चित्राचा नाही, पहारेकऱ्याचाही नाही.

दुसऱ्या दिवशी रावजी रजा टाकून धुतलेलं धोतर नेसला आणि तिकिटाच्या रांगेत उभा राहिला.

"रावजी, तुम्ही रजेवर ना?" मिठारीबाईंनी विचारलं.

"म्हणून तर आलोय, मॅडम."

अभिप्रायवहीत तिसरी शिकलेला हात हळू चालत होता. मागचा तरुण म्हणाला, "आजोबा, कादंबरी लिहिताय काय?"

"एकच ओळ हाय, बाळा. थांब की."

त्याने लिहिलं, 'बाईला काय हवं ते बाईलाच विचारावं.'

नियम तो नियम. मिठारीबाई चष्मा लावून चित्रासमोर उभ्या राहिल्या. "आपलं म्हणणं?"

"पाठ फिरवा."

"कोणी?"

"सगळ्यांनी. काका, तुम्हीसुद्धा."

तशी नोंद झाली. आता लोक तिकीट काढून आत येतात आणि चित्राकडे पाठ करून उभे राहतात. मागे पाणी वाजत असतं. गर्दी पूर्वीइतकीच असते.

साडेपाचला रावजी दाराकडे तोंड ठेवूनच विचारतो, "झाली का गं?"

"अजून नाही."

तो किल्ली परत खिशात टाकतो.