दाढेतला विद्युतघट

विज्ञान कळलेल्या माणसाला कोणी फसवू शकत नाही, असं भास्कर सर सिल्वासाच्या शाळेत वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्या रविवारी मात्र त्यांच्या पत्नीने, वासंतीबाईंनी, त्यांना तंबी दिली होती, की राखोलीला पोचल्यावर विज्ञान काढायचं नाही. तिथे तुषारच्या घरी लेकीच्या, प्राजक्ताच्या लग्नाची बोलणी होती. तुषार आणि तिचं कधीच जमलं होतं. आता त्याच्या आईवडिलांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं.

तुषारचे वडील रमाकांतराव धुळ्याकडचे, कारखान्यात सुपरवायझर. माणूस तोलूनमापून बोलणारा. चहा झाला आणि त्यांच्या पत्नीने, सरिताबाईंनी, काजूकतलीची ताटली पुढे केली. सरांनी जाड वर्खाची एक कतली तोंडात टाकली आणि बसल्या जागी वीतभर उडाले.

दाढेत करंट बसला होता! दुसरा कोणी गाल धरून गप्प बसला असता. सरांचा चेहरा उजळला.

"हा वर्ख चांदीचा नाही," ते म्हणाले. "ॲल्युमिनियम आहे."

वासंतीबाईंनी त्यांचा पाय दाबला, पण सर एव्हाना वर्गात पोचले होते. त्यांनी समजावून सांगितलं, की दाढेतलं जुनं फिलिंग हा एक धातू, ॲल्युमिनियम हा दुसरा, आणि लाळ म्हणजे खारं पाणी. ॲल्युमिनियम विरघळू लागतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन फिलिंगकडे धावतात, की झाला विद्युतघट. मधल्या मध्ये दाताच्या नसेला झटका बसतो. खऱ्या चांदीने असा झटका बसत नाही. स्वस्तात मिळतं म्हणून लोक डोळे मिटून घेतात, असंही त्यांनी वर जोडलं. प्राजक्ताच्या डोळ्यांत पाणी आलं.

रमाकांतरावांच्या दाढेतही तसंच फिलिंग होतं. त्यांनी कतली उचलली, चावली आणि गाल धरला.

"खरं आहे," ते म्हणाले.

"मग! कुठल्या दुकानातली?" सरांनी विचारलं.

सरिताबाईंनी आतून रिकामा बॉक्स आणून समोर ठेवला. "मिठाई तर तुम्हीच आणेल आहे ना, सर. मी फक्त ताटलीत काढली."

सरांनी बॉक्स ओळखला. वासंतीबाईंनी सांगितलेलं दुकान सोडून शेजारच्या दुकानात त्यांनी तो निम्म्या भावात घेतला होता, आणि ते घरी सांगायचं राहून गेलं होतं. आता सांगायची गरज उरली नव्हती.

रमाकांतराव गाल चोळत होते.

"पोरगी आम्हाला पसंत आहे, सर," शेवटी ते म्हणाले. "फक्त लग्नातली मिठाई आम्ही आणू."