शाईच्या डबीवर बसणाऱ्या जजबाई

आमच्या जजबाई शाईच्या डबीवर बसायच्या. खोटं सांगत नाही. बायकांसाठी कायद्याचं शिबिर असलं की गावात उतरल्याबरोबर त्या हजेरीच्या टेबलावरची अंगठ्याच्या शाईची डबी उचलायच्या, खुर्चीवर ठेवायच्या आणि वर स्वतः बसायच्या. सरपंच हार घेऊन उभा, ग्रामसेवक टेबलाखाली डबी शोधतोय, आणि बाई शांत. "आधी ऐकायचं, मग अंगठा."

मी त्यांचा स्टेनो. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. हे मी कुठंही सांगतो, इथंही सांगितलं. कोर्टात बाई मोजकं बोलायच्या, शिबिरात सुटायच्या. भाषण अर्ध्यात थांबवून एखादीला उठवायच्या आणि म्हणायच्या, आता तुम्ही मला शिकवा. ती पदर दातात धरून नुसती मान डोलवायची. झालं. "मान नका हलवू. सांगा." हे मी घरी इतक्यांदा बोलून दाखवलं, की चहा हवा का विचारल्यावर मी मान हलवली तर बायको तेच ऐकवायची.

त्यांचा सगळ्यात मोठा राग हक्कसोडपत्रावर. बाप गेला की बहिणींनी शेतातला वाटा भावाला लिहून द्यायचा आणि साडी-चोळी घेऊन सासरी जायचं, ही आमच्याकडची रीत. शंभरातल्या एकीनं जरी सही करण्याआधी कागद वाचून घेतला, तरी माझा पगार वसूल, असं त्या म्हणायच्या.

एकदा शिबिर आमच्याच गावात ठरलं, लासूर स्टेशनजवळ. मी छाती काढून जीपमधून उतरलो. त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण, अक्का, हक्कसोडपत्रावर सही करणार होती. कागद मीच टाईप केलेला. त्यात एक चूक नाही, असं मला वाटत होतं.

बाईंनी नेमकं अक्कालाच उठवलं. हक्कसोड म्हणजे काय, कळलं का? अक्कानं मान हलवली.

"मान नका हलवू. सांगा."

"सही केली की म्हायेर राहतं," अक्का म्हणाली. "नाय केली तर भाऊ तुटतो."

"असं कोण म्हणतं?"

"म्हणत कुणी नाय. पण भाऊच कागद करून आणतोय म्हणल्यावर काय समजायचं? त्यो काय, तुमच्या बाजूला बसून लिहून घेतोय."

बायका लई हसल्या. मी वहीत डोकं घातलं. माझं शॉर्टहँड त्या दिवशी पहिल्यांदा अडलं.

परतताना जीपमध्ये मीच विचारलं, अक्कानं सही करावी का.

"ते तिला ठरवू द्या, जाधव. तुम्ही एवढंच सांगा, सही न करता ती दिवाळीला आली, तर ओवाळून घ्यायला पाटावर बसाल का?"

बसेन, म्हटलं. मग धीर करून विचारलं, तुम्ही केली होती का सही? नाही, म्हणाल्या. मग भाऊ येतात भाऊबीजेला? दौलताबादचा किल्ला मागं पडेपर्यंत त्या बाहेर बघत राहिल्या. मग नुसती 'नाही' अशी मान हलवली. "सांगा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. गिळला.

कागद मी अक्कासमोर फाडला आणि बाईंच्या भावांचंही तिला सांगितलं. सातबाऱ्यावर माझ्या नावाखाली तिचं नाव लागलं. भाऊबीजेला तिनं मला ओवाळलं आणि लगेच पाटावरून उठवलं. "आता जा तुझ्या जजबाईकडं. तिथं ताट आसंल, माणूस नसंल."

दिवेलागणीला बंगल्यावर गेलो. ताट खरंच तयार होतं. चंद्राला ओवाळायचं म्हणून बाई अंगणात तो दिसायची वाट बघत होत्या. मी म्हटलं, ओवाळून घ्यायला आलोय. पाट सापडायला वेळ लागला.

ओवाळणी म्हणून मी ताटात शाईची नवी डबी टाकली. त्यांनी ती उचलली, सवयीनं खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. बराच वेळ उठल्या नाहीत.