कर्नलसाहेबांच्या दारातली खुळखुळ

क्रेक कंपनीची गाडी खुळखुळत नाही! इंग्लंडातल्या त्या टीचभर गावात हे कुणीही छातीठोकपणे सांगायचं. थोरले क्रेक बग्ग्या बांधायचे, मुलाने बग्गीला इंजिन जोडलं आणि आता नातू महिन्याला दोन मोटारी विकत होता, त्याही नाक वर करून! गाडी तयार झाली की फोरमन विल्फ्रेड टिंगल चालकाशेजारी डोळे मिटून बसायचा. गावाला एक चक्कर मारायची. कुठे टकटक नाही, कुरकुर नाही अशी खात्री पटली की डोळे उघडून एकच शब्द बोलायचा, "पास!"

कारखान्याची आणखी एक रीत होती. ती मात्र गिऱ्हाइकांना कुणी सांगत नसे. कामगाराच्या मुलीचं लग्न असलं की ती चर्चला जायची ती नव्याकोऱ्या गाडीतून. मग गाडी पुसूनबिसून मालकाच्या हवाली!

त्या शनिवारी विल्फ्रेडच्या ऑड्रीचं लग्न होतं. गाडी कर्नल फॅनशॉ यांची, आणि ते न्यायला येणार होते सोमवारी. विल्फ्रेडने सगळं चोख आखलं होतं. बॉनेटवर पांढऱ्या फिती, चालवायला कारखान्यातला पोऱ्या पर्सी आणि ऑड्रीच्या बुटात शकुनाचं म्हणून आजीचं सहा पेन्सचं नाणं. बापलेक ऐटीत मागे बसले आणि कारखान्याच्या फाटकातून कर्नलसाहेब आत आले! पर्सी त्यांना बघून टायरांच्या ढिगामागे जो गडप झाला, तो काही बाहेर येईना.

"टिंगल, ही माझीच गाडी ना?"

"हो, साहेब. शेवटची चाचणी चाललीय."

"आणि या फिती?"

"वारा कसा लागतो ते बघायला!"

"आणि ही नवरी?"

"वजन!" विल्फ्रेडच्या तोंडून निघून गेलं. "मागच्या सीटवर वजन ठेवून बघावं लागतं, साहेब."

"बाबा!" ऑड्री किंचाळली. "वजन काय? या झग्यात मावायला पंधरा दिवस अर्धपोटी राहिलेय मी!"

तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू झाल्या. ऑड्रीला रडूच फुटलं.

"कर्नलसाहेब, रागवायचं तर माझ्यावर रागवा. सगळा जन्म बाबांनी दुसऱ्यांसाठी गाड्या बांधल्या. मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत हो! आज मला त्यांना माझ्या शेजारी बसवायचं होतं."

नोकरी गेली हे विल्फ्रेडला कळून चुकलं होतं. पण पोरीचं बोलणं ऐकून नोकरीचं त्याला काही वाटेनासं झालं.

कर्नलसाहेबांनी टोपी काढली आणि ते स्वतःच चालकाच्या जागी जाऊन बसले.

"गाडी माझी आहे, चाचणीही मीच घेणार. पोरी, डोळे पूस. चर्च कुठल्या बाजूला?"

विल्फ्रेड मागे टेकला. आपल्या गाडीची सीट एवढी मऊ असते हे त्याला माहीतच नव्हतं! ऑड्रीचा हात हातात घेऊन त्याने सवयीने डोळे मिटले. पहिल्याच वळणावर आवाज आला, खुळ्ळ! विल्फ्रेडने खाडकन डोळे उघडले. नाणं टोचतं म्हणून ऑड्रीने बूट काढून झटकला होता आणि नाणं खिडकीची काच खाली सरकते त्या फटीतून थेट दाराच्या पोटात गेलं होतं!

"सोमवारी दार खोलून काढतो, साहेब!" विल्फ्रेड घाम पुसत म्हणाला.

"हात लावाल तर खबरदार! घरी मी एकटाच असतो. गाडीत कुणीतरी बोलतंय, तर बोलू दे."

वर्षभराने कर्नलसाहेब लालबुंद होऊन कारखान्यात आले. "टिंगल! गाडी बिघडली! आवाज बंद झालाय!"

कंपनीच्या इतिहासात अशी तक्रार कधी आली नव्हती! विल्फ्रेडने दार खोललं. नाणं अस्तरात रुतून बसलं होतं. त्याने ते आतल्या आत मोकळं केलं, दार पुन्हा बसवलं आणि सवयीने चालकाशेजारी बसायला निघाला.

"तिथे नाही, मागे बसा," कर्नलसाहेब म्हणाले.

विल्फ्रेड मागे बसला, डोळे मिटले. गाडी वळली. खुळ्ळ!

"पास!" तो म्हणाला, आणि कारखान्याच्या मालकांनी तर ऐकलं नाही ना, म्हणून त्याने हळूच खिडकीची काच वर घेतली.