भिंतीपासून दीड हात

पंचायतीत येणारा प्रत्येक माणूस एकच तक्रार करतो की अमक्याने गाडी रस्त्यात लावली. गाडी रस्त्यात लावली नाही, अशी तक्रार करणारा मी आयुष्यात एकच माणूस पाहिला. बाबलकाका गावस.

"भिंतीक चिकटवन लावलीहा," टेबलावर काठी आपटत ते म्हणायचे. "रस्तो मोकळो पडलोहा एवढो, थंय लावूक काय झाला? लिवन घेवा."

मी तेव्हा गोव्यातल्या पेडण्यात, केरीच्या अलीकडच्या एका पंचायतीत सेक्रेटरी होतो. मूळचा डिचोलीचा, बदलीवर आलेला, म्हणजे गावाच्या हिशेबी अर्धा अडाणी. उरलेला अर्धा मी कामातून सिद्ध केला, तीच ही गोष्ट.

बाबलकाकांनी पाळीच्या खाणीवर जन्मभर टिपर चालवला होता. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूशी वैर धरलं. हातात वेताची काठी, तिच्यावर दीड हातावर चाकूने पाडलेली खूण. गाडी दिसली की ही काठी गाडी आणि भिंत यांच्या मध्ये जायची. मावली, तर गाडीवाला सुटला. नाही मावली, तर त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस व्हायची, तीही अशा आवाजात, की टिपरचं इंजिन अजून चालूच आहे असं वाटावं.

ती भिंत म्हणजे एका माडाच्या बागेचं चिऱ्याचं कुंपण. बाबलकाकांच्या गेटापासून निघायची ती थेट सातेरीच्या देवळापर्यंत. मध्ये अरुंद रस्ता, पलीकडे शेत. हाच रस्ता पुढे समुद्राकडे जातो, त्यामुळे नाताळच्या सुमाराला भाड्याच्या गाड्या आणि स्कूटरी तिथे मुंग्यांसारख्या लागायच्या. आणि मुंग्यांसारख्याच भिंतीला धरून.

बाबलकाका सोमवारी अर्ज देत, गुरुवारी त्याचं काय झालं ते विचारत, आणि काहीच झालेलं नाही म्हणून तिथेच दुसरा देत. कारण दर वेळी नवं. भिंतीला वारा लागत नाही. चिऱ्यांना घाम येतो. एकदा लिहून दिलं की भिंतीच्या बिळात मुंगूस आहे आणि त्याची जायची-यायची वाट अडते. मी हुशारी करून तो अर्ज वरच्या कचेरीत पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, मुंगसं एकूण किती ते कळवावे. मी काठी घेऊन मुंगसं मोजायला गेलो होतो, हे गावात अजून सांगतात. काठी घेतली नव्हती. बाकी खरं आहे.

गाव चिडायचं ते आवाजावर. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचे स्पीकर भर दुपारी देवळाच्या घंटा हलवायचे. त्याविरुद्धच्या अर्जावर गावातल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, बाबलकाकांची सोडून.

"काका, तुमका त्रास होणा नाय?" मी विचारलं.

"आवाजाक अडखळान कोण पडता?" ते म्हणाले. "गाडयेचा बोला."

शेवटी मला वाटलं, म्हातारा रागाच्या भरात उलटं बोलतो. त्याला म्हणायचंय की रस्ता मोकळा ठेवा, आणि तोंडातून निघतं भिंत मोकळी ठेवा. आपण शिकलेली माणसं. अशिक्षितांच्या मनातलं ओळखून नीट शब्दांत मांडणं, हेच तर आपलं काम. मी ठराव लिहिला: सदर रस्त्यावरील सर्व वाहने भिंतीच्या बाजूसच, भिंतीला लागून, एका ओळीत उभी करावीत. शेताकडची बाजूही चालली असती. पण भिंत सरळ होती, आणि तिच्याकडेने पिवळा पट्टा मारणं सोपं होतं.

रविवारच्या ग्रामसभेत ठराव पाच मिनिटांत मंजूर झाला. बाबलकाका त्या दिवशी पाळीला पुतण्याच्या लग्नाला गेले होते. परत येऊन पाहतील तेव्हा किती खूश होतील, असं मी घरी बायकोला सांगितलंसुद्धा.

मंगळवारी सकाळी दहाला ते आले. खांद्यावर 'वाहने येथे उभी करावीत' हा आमचा आदल्याच दिवशी बसवलेला नवा बोर्ड होता, खांबासकट, खांबाला बुडाचं काँक्रीट चिकटलेलं. तो त्यांनी माझ्या टेबलावर आडवा ठेवला. चहाचा कप जमिनीवर गेला.

"कोणी लिवलो हो ठराव?"

"मी. तुमच्यासाठीच की, काका."

मी त्यांना चिडलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं. पण राग इतका मोठा, की शिवीच सुचत नाही, असं पहिल्यांदाच पाहिलं. "माझ्यासाठी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

सरपंचबाई भडकल्या. पंचायतीची मालमत्ता उपटली म्हणजे काय! बोर्ड पुन्हा बसवा, आणि परत हात लावला तर पोलिसांत द्या. मीही भडकलो होतो. माणसाचं भलं करायला जावं आणि टेबलावर काँक्रीट यावं? बुधवारी गवंड्याने बोर्ड बसवला. गुरुवारी सकाळी सातलाच मी शेताच्या बाजूला एका काजूच्या झाडाआड जाऊन उभा राहिलो, म्हाताऱ्याला रंगेहाथ पकडायला. पायाखाली मुंग्यांचं वारूळ होतं, हे मला जरा उशिरा कळलं.

बाबलकाका आले. बोर्डाकडे त्यांनी बघितलंही नाही. आमच्या ठरावाप्रमाणे भिंतीला लागून ओळीने स्कूटरी उभ्या होत्या. ते एकेका स्कूटरीचं मागचं चाक उचलून ती बाजूला ओढायला लागले. सत्तरीचा माणूस. एक ओढायची, कंबर धरून उभं राहायचं, मग दुसरी. तोंडाने पुटपुट चालूच. त्यात माझं नाव दोनदा आलं. शेवटी एक मोठी पांढरी गाडी होती, ती काही हलेना. त्यांनी तिला दोनदा खांदा लावून पाहिला. मग घाईघाईने मागे गेले, पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि रस्त्याच्या कडेला गप्प उभे राहिले.

गेट उघडलं. शालनकाकी बाहेर आली, त्यांची बायको. साडी चोपून नेसलेली, डोळ्यांवर चष्मा, एका हातात अबोलीची परडी. दुसरा हात तिने भिंतीवर ठेवला आणि चालायला लागली.

तिला कमी दिसतं, एवढं मी ऐकून होतो. कमी म्हणजे किती, ते तेव्हा पाहिलं. बोटं चिऱ्यावरून सरकत होती, आणि त्या बोटांच्या मागून ती चालत होती, ताठ, कुणाचीही मदत नको अशी. दहा पावलं मागे बाबलकाका, अनवाणी.

पांढऱ्या गाडीपाशी हात भिंतीवरून सुटला. तो काचेवर गेला, आरशाला अडला. ती थांबली. गाडीच्या कडेने दोन पावलं रस्त्यात आली, हात पुढे करून भिंत शोधली, तिथे काहीच नव्हतं. बाबलकाका पाच पावलांवर उभे होते. हात लांबवला असता तर पुरला असता. त्यांनी नाही लांबवला.

तिने आणखी एकदा हवेत हात फिरवला. मग मागे फिरली, हाताला भिंत लागल्यावर तिला धरून घराकडे गेली. फुलं परडीतच राहिली.

मी झाडाआडून बाहेर आलो. पाय मुंग्यांनी फोडले होते, ते आता आठवत नव्हतं.

"तीन दिस झाले," बाबलकाका माझ्याकडे न बघता म्हणाले. "तीन दिस ती अशीच मागे वळता."

"काका, मग हात धरून न्यायचं—"

"गाढव मरे तू!" ते दबक्या आवाजात ओरडले. तसं ओरडता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. "डोळे गेले तेव्हा ती एकच बोलली, देवळात माझी मी जातलंय. ज्या दिसा कोणाचो हात धरूचो लागात, त्या दिसापासून घरात बसतलंय. मी हात धरलंय तर ती परत उंबरो ओलांडूची नाय. तुका कळता?"

"अर्जात हे लिहिलं असतंत तर..."

"आणि तुमी तो सभेत वाचून दाखयतले. सगळो गाव तिका धरूक धावतलो." मग काठी माझ्या छातीला टेकवून म्हणाले, "ह्या लिवचा नाय."

ठराव फिरवायचा तर पुन्हा ग्रामसभा, आणि ग्रामसभेत कारण द्यावं लागतं. पुढच्या महिन्यात मी उभा राहिलो आणि सांगितलं की ठराव लिहिताना मी बाजू चुकलो. शेताची बाजू लिहायची होती, भिंतीची लिहिली गेली. चूक पूर्णपणे सेक्रेटरीची.

सभा पोट धरून हसली, आणि ठराव फिरला. मागून कुणीतरी म्हणालं, "मुंगसांनी सांगल्यानी आसतला." आणि मग बाबलकाका उठले. पगार घेता आणि डावा-उजवा कळत नाही, जेवता कुठल्या हाताने, डिचोलीत शाळा होती की नव्हती, असं दहा मिनिटं त्यांनी मला सोलून काढलं. मी मान खाली घालून ऐकलं. चीड मलाही आली. पण ती कुणावर काढायची, ते ठरेना. एवढ्या मोठ्या गावात एका बाईला देवळापर्यंत जायला दीड हात जागा हवी होती, आणि ती मिळवायला एका माणसाला दोन वर्षं वेडा ठरावं लागलं होतं. वेडा ठरवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे.

बायकांच्या ओळीत शालनकाकी बसली होती. सगळ्यात जास्त तीच हसत होती. सभा सुटल्यावर शेजारणीबरोबर दारापर्यंत आली, आणि माझा आवाज ओळखून थांबली. शेजारीण पुढे गेली.

"सेक्रेटरीबाब, आज तुमका लय ऐकूचा लागला."

"चूक माझीच होती, काकी."

"होय तर," ती म्हणाली. बाहेर बाबलकाका कुणाच्या तरी स्कूटरवर ओरडत होते. तिने मान त्या आवाजाकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "तेंका सांगू नकात हां. बिचारे वहाणा काढून येतत. पण गुडघे वाजतत तेंचे, ते खय काढून ठेवतले?"