लेफ्ट टॅकल वर्गात बसतो

जानेवारीतल्या त्या सोमवारी सकाळी साडेआठ वाजता प्रोफेसर ऑर्विल टेनब्रुक एकशे चौदा नंबरच्या खोलीत शिरले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे आधी डोकी मोजली. नऊ. पुन्हा मोजली, तरी नऊच. विभागाच्या मार्लीसबाईंनी नाताळच्या सुट्टीआधीच सांगून ठेवलं होतं, "ऑर्विल, शुक्रवारी पाचपर्यंत दहा नावं लागतील. नऊ असली तरी वर्ग बंद. माझ्या हातात काही नाही हो." टेनब्रुक एकाहत्तर वर्षांचे होते आणि रोमन इतिहासाचा हा एकच वर्ग त्यांच्याकडे उरला होता. तो बंद झाला की त्यांची ऑफिसची खोलीही जाणार होती, आणि खोलीतली चार हजार पुस्तकं न्यायची कुठे, हा प्रश्न त्यांनी स्वतःला अजून विचारला नव्हता.

ते फळ्याकडे वळले तेवढ्यात दार पूर्ण व्यापून एक माणूस आत आला. साडेसहा फूट उंच, दीडशे किलोच्या आसपास. टेनब्रुकना वाटलं, हीटर दुरुस्त करायला कुणी आलं असेल.

"तो खिडकीखाली आहे," ते म्हणाले. "सकाळपासून ठकठक वाजतोय."

"सर, मी वर्गासाठी आलोय," तो माणूस म्हणाला. "केलेपी तौफा. काल रात्रीच नाव घातलं."

सगळा वर्ग वळून पाहायला लागला. टेनब्रुक अमेरिकन फुटबॉल पाहत नसत, पण मॅरिडॉन गावात राहून केलेपी तौफा हे नाव माहीत नसणं शक्य नव्हतं. किराणा दुकानातल्या पिशव्यांवरही त्याचं चित्र होतं. क्वार्टरबॅक चेंडू फेकायला उभा राहिला की त्याच्या पाठीवर कुणी झेप घेऊ नये म्हणून डावीकडे भिंतीसारखा उभा राहणारा तो लेफ्ट टॅकल. मॅरिडॉन साळिंदर संघाचं अर्धं नशीब त्याच्या खांद्यांवर होतं असं लोक म्हणत, आणि खांदे पाहता ते पटत असे.

तो पहिल्या रांगेत बसला. खुर्ची कुरकुरली. त्याने वही काढली, पेन काढलं आणि तासभर लिहीत राहिला.

आता खरं तर टेनब्रुकनी आनंदी व्हायला हवं होतं, कारण दहा झाले होते. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता. फुटबॉलचे खेळाडू सगळे विषय घरबसल्या कॉम्प्युटरवर घेत. गेल्या सहा वर्षांत कुणा मास्तरने एकही खेळाडू प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. मग हाच का आला? आणि आपल्याच वर्गात का? आपल्या शिकवण्यासाठी कुणी मुद्दाम उठून साडेआठला येईल, ही शक्यता त्यांनी सर्वात आधी खोडून टाकली.

मंगळवारी ते केस कापायला ड्वेन क्रॅबट्रीच्या दुकानात गेले आणि तिथे त्यांच्या हातून चूक झाली. गप्पांना विषय हवा म्हणून ते म्हणाले, "तुमचा तो तौफा माझ्या वर्गात आहे."

कात्री थांबली.

"वर्गात?" ड्वेन म्हणाला. "म्हणजे कॉम्प्युटरवर?"

"नाही, खुर्चीवर."

"स्वतः?"

"स्वतःच. वहीसुद्धा आणली होती."

ड्वेनने कात्री टेबलावर ठेवली आणि दुकानाच्या दाराला आतून कडी घातली. टेनब्रुकच्या डोक्याची डावी बाजू कापून झाली होती, उजवी राहिली होती.

"ऑर्विल, मला नीट सांग. बदलीची खिडकी शुक्रवारी बंद होते. बरोबर?"

खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं असेल तर वर्षातून दोन आठवडे नाव नोंदवायची मुभा असते, तिला गावात बदलीची खिडकी म्हणत. ती उघडली की ड्वेन पंधरा दिवस नीट जेवत नसे.

"ज्याला इथेच राहायचंय, तो कशाला वर्गात बसेल?" ड्वेनने विचारलं. "तूच सांग. आजवर कोण बसलंय? पण ज्याला जायचंय, त्याला तिकडे गुण दाखवावे लागतात. लेकवुड टेकला इतिहास सक्तीचा आहे, मी पाहिलंय. आणि रविवारी अकरा वाजता लेकवुडचं विमान आपल्या धावपट्टीवर उतरलं होतं. शेपटीवरचा नंबर मी मोबाइलवर ताडून पाहिलाय. दोन तास थांबलं. कशाला? आपलं चीज खायला?"

"मला नाही वाटत..."

"तुला काय वाटणार? तू रोममध्ये राहतोस. इकडे बघ. दोन वर्षांत वरच्या गटात चाळीस कॉलेजं उरणार आहेत. पैसा, टीव्ही, सगळं त्यांचं. खेळाडू विद्यार्थी राहणार की नोकर होणार, ते वकील ठरवतील. बाकीची कॉलेजं शाळांसारखी खेळतील, आई-बाप बघायला येतील, बस. तो पोरगा गेला तर आपण त्या बाकीच्यांत. आणि तू त्याला गुण देणार आहेस."

टेनब्रुक अर्धे केस घेऊन घरी आले. आपण नेमकं काय केलं, ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. काहीतरी केलं आहे एवढं मात्र जाणवत होतं.

बुधवारी एकशे चौदाच्या खिडकीबाहेर बर्फात चाळीसेक माणसं उभी होती. काहींच्या डोक्यावर काटे असलेल्या साळिंदराच्या टोप्या होत्या. टेनब्रुक रथांच्या शर्यतींवर बोलत होते. रोममध्ये निळे, हिरवे, लाल, पांढरे असे चार संघ होते, आणि नामांकित सारथी चांगल्या बोलीवर एका रंगातून दुसऱ्या रंगात जात, असं ते म्हणाले तेव्हा केलेपीने मान वर केली आणि भराभरा लिहून घेतलं. ते खिडकीतून बाहेर दिसलं. बाहेर खळबळ माजली.

दुपारी संघाचे जनरल मॅनेजर टक हॅलोरन स्वतः टेनब्रुकच्या खोलीत आले. पूर्वी कॉलेजच्या संघाला नुसता प्रशिक्षक असे, आता मॅनेजरही असतो. सूट कडक, हसणं त्याहून कडक. बसायला जागा नव्हती, कारण दोन्ही खुर्च्यांवर पुस्तकं होती. त्यांची नजर टेबलावरच्या कॉफीच्या मगवर गेली आणि तिथेच थांबली.

"लेकवुड टेक," त्यांनी मगवरची अक्षरं वाचली.

"मी तिथे पीएचडी केली," टेनब्रुक म्हणाले. "एकोणऐंशी साली."

"आणि हा मग अजून वापरता."

"गळत नाही ना."

"तौफाला तुम्ही बोलावलंत?"

"नाही."

"मग आज रथवाल्यांनी संघ बदलल्याचा धडा कसा काय निघाला? नेमका याच आठवड्यात?"

"दुसऱ्या तासाला तोच असतो. तीस वर्षं तोच आहे."

"म्हणजे तीस वर्षांची तयारी," हॅलोरन म्हणाले. ते विनोद करताहेत की नाही, ते टेनब्रुकना कळेना. "प्रोफेसर, साधं काम आहे. त्याचं नाव वर्गातून काढा. आम्ही त्याला कॉम्प्युटरवरचा हवामानशास्त्राचा कोर्स देतो. सगळे खूश."

"मग माझा वर्ग बंद पडेल. नऊच उरतात."

"अस्सं," हॅलोरन म्हणाले. "म्हणजे तुमचाही यात फायदा आहे तर."

ते गेल्यावर टेनब्रुक बराच वेळ मगकडे पाहत बसले. आपल्या नकळत आपण लेकवुडचे हेर असू शकतो का, याचा त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. तसा पुरावा नव्हता. पण नसल्याचाही नव्हता.

टेनब्रुक तो मग पुस्तकांमागे लपवत असताना दारावर थाप पडली. केलेपी उभा होता. त्याने आत येऊन दार लावून घेतलं, ही गोष्ट टेनब्रुकना अजिबात आवडली नाही.

"सर, एक काम होतं. तुमचं पत्र हवंय मला. मी वर्गात कसा आहे, एवढंच. पाकीट बंद करून, वर सही. शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारपर्यंतच?"

"हो. आणि सर, कुणाला सांगू नका. टक साहेबांना तर नकोच."

"पत्र कुणाच्या नावे?"

केलेपी जमिनीकडे पाहत राहिला. "'संबंधितांस' लिहा. चालतं त्यांना."

तो गेला. टेनब्रुक मटकन पुस्तकांवर बसले. म्हणजे ड्वेन बरोबर होता. पोरगा निघाला होता, शुक्रवारी जाणार होता, आणि जाण्याचं पत्र आपण लिहायचं होतं. तो गेला की नऊ. नऊ झाले की वर्ग गेला, खोली गेली, चार हजार पुस्तकं रस्त्यावर. पत्र न देणं अगदी सोपं होतं. विसरलो म्हटलं असतं तर या वयात कुणीही विश्वास ठेवला असता.

गुरुवारी त्यांनी सात वेळा पत्र लिहिलं. पहिल्यात स्तुती जास्त झाली, दुसऱ्यात कमी. तिसऱ्यात आपलंच दुःख आलं. मुलगा कुठेही जावो, पण तो वर्गात बसला होता आणि त्याने लिहून घेतलं होतं. हे खरं होतं, आणि खरं ते लिहायचं नाही तर बेचाळीस वर्षं आपण इतिहास तरी कसला शिकवला? सातवं पत्र चार ओळींचं झालं. ते त्यांनी पाकिटात घातलं. संध्याकाळी ड्वेनचा फोन आला. लेकवुडचं विमान पुन्हा उतरलं होतं.

शुक्रवारी साडेआठला वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. ड्वेन दुसऱ्या रांगेत बसला होता. पासष्टीच्या पुढच्या माणसांना विद्यापीठात फुकट बसता येतं, ही सोय त्याने त्याच सकाळी शोधून काढली होती. मागे संघाचे तीन अवाढव्य खेळाडू कोपरं आवळून बसले होते आणि दारात टक हॅलोरन उभे होते.

"ही माणसं कोण?" टेनब्रुकनी विचारलं.

"माझी," हॅलोरन म्हणाले. "आजच्या दिवस तौफाच्या आसपास राहतील. तुमची हरकत नसावी."

टेनब्रुक भिडस्त माणूस होते. वेटरने चुकीचं सूप आणलं तर ते गुपचूप पीत. पण नियमांच्या बाबतीत मात्र ते हट्टी होते.

"हरकत आहे," ते म्हणाले. "नाव घातल्याशिवाय वर्गात बसता येत नाही. माझं नोंदणीपुस्तक आहे."

"प्रोफेसर, एका तासाचा प्रश्न आहे."

"मग एका तासासाठी नाव घाला."

हॅलोरननी घड्याळ पाहिलं, तिघांकडे पाहिलं आणि मान हलवली. तिघांनी मोबाइल काढून तिथल्या तिथे नावं घातली. टेनब्रुकनी ती आपल्या वहीत नीट लिहून घेतली, एकाला स्पेलिंग पुन्हा विचारलं, आणि मगच शिकवायला सुरुवात केली.

तास संपला. केलेपी टेबलापाशी आला. टेनब्रुकनी कोटाच्या आतून पाकीट काढलं, आणि काढताना इकडेतिकडे इतकं पाहिलं की ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"ते इकडे द्या," हॅलोरन पुढे झाले.

"पाकीट त्याचं आहे," टेनब्रुक म्हणाले.

"तुला जायचंय ना लेकवुडला?" ड्वेन दुसऱ्या रांगेतून उठून म्हणाला. "सांगून टाक, बाळा. आम्ही काही खाणार नाही तुला."

केलेपीने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"लेकवुडला कशाला जाऊ?" तो म्हणाला.

"मग हे पत्र?"

"शिक्षकाच्या ट्रेनिंगचा अर्ज आहे. इथल्याच हायस्कूलला. आज शेवटची तारीख. गुडघा किती वर्षं टिकेल सांगता येत नाही, म्हणून इतिहास शिकवावा म्हटलं." त्याने मान खाजवली. "अर्जात लिहिलंय, उमेदवाराला वर्गात प्रत्यक्ष पाहिलेल्या प्राध्यापकाचं पत्र हवं. चार वर्षं झाली मला इथे. शोधलं, तर मला पाहिलेला एकही प्राध्यापक नव्हता. म्हणून म्हटलं, निदान एकाला तरी दिसावं."

"मग लपवलंस कशाला?"

"मास्तर व्हायचंय म्हटलं तर पोरं वर्षभर चिडवतील. आणि टक साहेब म्हणतील, याचं खेळात लक्ष नाही."

"बदलीच्या खिडकीत नाव नाही घातलंस?"

"नाही. पण मला कुणी विचारलंच नाही."

हॅलोरनना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी पाकीट मागितलं, केलेपीने खांदे उडवले, आणि हॅलोरननी ते फोडून मोठ्याने वाचलं: "'हा विद्यार्थी माझ्या वर्गात दोन तास बसला. दोन्ही तास तो जागा होता. बेचाळीस वर्षांच्या नोकरीनंतर ही गोष्ट मी लहान समजत नाही. तो जिथे जाईल तिथे त्याला बसायला मोठी खुर्ची द्यावी.'"

टेनब्रुकनी मुकाट्याने दुसरं पाकीट शोधलं, पत्र परत घातलं, बंद करून वर नव्याने सही केली.

पाच वाजता मार्लीसबाईंचा फोन आला. "ऑर्विल, तेरा. काय केलंत तुम्ही?"

"नोंदणी," टेनब्रुक म्हणाले.

रात्री खिडकी बंद झाली. केलेपी तौफाचं नाव तिच्यात आलं नाही. शनिवारी सकाळी मात्र लेकवुडचं विमान तिसऱ्यांदा उतरलं, आणि दुपारी बातमी आली: टक हॅलोरन यांची लेकवुड टेकच्या संघाचे जनरल मॅनेजर म्हणून निवड. खेळाडूंना वर्षात दोन आठवडे खिडकी होती. साहेबांना दार बारा महिने उघडं होतं, आणि तिकडे पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

सोमवारी साडेआठला टेनब्रुक वर्गात शिरले. पत्र मिळालेला केलेपी आणि मागचे तिघे, अशी चार डोकी आज कमी होतील याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. त्यांनी मोजलं. तेरा, आणि शिवाय ड्वेन.

मागच्या रांगेतले तिघे जागेवर होते. त्यांना तौफाच्या आसपास राहायला सांगितलं होतं, आणि आता पुरे असं सांगणारा माणूस शनिवारीच विमानात बसला होता. एकाने तर वही विकत आणली होती.

"तू कशाला आलास?" टेनब्रुकनी ड्वेनला विचारलं.

"आता कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही मी," ड्वेन म्हणाला. "शिकव."

टेनब्रुकनी खडू घेतला. एका सारथ्याने पांढऱ्यांना सोडून हिरव्यांकडे जाऊन शेकडो शर्यती जिंकल्या, असं एका शिलालेखात म्हटलं आहे, असं ते सांगू लागले. दोन वाक्यं झाली नाहीत तोच दुसऱ्या रांगेतून हात वर आला.

"तो शिलालेख कोणी लावला?" ड्वेनने डोळे बारीक करून विचारलं. "हिरव्यांच्याच माणसांनी ना? मग ते काय वाईट लिहिणार होते?"

"आणि आकडे कोणी मोजले?" मागून एक खेळाडू म्हणाला.

केलेपी मान वळवून त्याच्याकडे पाहायला लागला.

टेनब्रुकनी खडू खाली ठेवला. बेचाळीस वर्षं ते दर जानेवारीत फळ्यासमोर उभे राहून या एका प्रश्नाची वाट पाहत आले होते. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि बसले.

"सावकाश," ते म्हणाले. "एकेकाने विचारा."